शेवंतीभोवतीचा धुरा

झाड मेलं म्हणून शाळेतून रजा मिळत नाही. मिळत असती तरी अर्जात मी काय लिहिणार होते? 'घरची शेवंती कुजल्यामुळे एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी' असा अर्ज आमच्या मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवला असता आणि मी निवृत्त होईपर्यंत मला त्यावरून चिडवलं असतं. म्हणून ज्या सकाळी मी ती उपटली, त्या सकाळीही पोळ्या लाटल्या, मामाजींची रक्तदाबाची गोळी वाटीत काढून ठेवली, डबा भरला आणि गाडी बाहेर काढली. पहिला तास सहावीवर होता. हजेरी घेताना बोटांना वास येत होता. दोनदा साबण लावला होता, तरी येत होता. कुजलेल्या मुळांचा वास बरेच दिवस ओल्या राहिलेल्या पोत्यासारखा असतो.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. ही आठवण शेवंतीची आहे, पण त्यांना बाजूला ठेवून ती सांगता येत नाही.

आधी शेवंतीचं सांगते. ती नर्सरीतली नव्हती. मला पहिली नोकरी लागली ती आमगावच्या पुढच्या एका गावात. वय तेवीस, एक खोली भाड्याने, आणि संध्याकाळी पाचनंतर करायला काही म्हणजे काही नाही. शाळेतल्या शिपायाची बायको माझ्या खोलीसमोरच राहायची. तिच्या अंगणात शेवंतीचा एक गच्च ताटवा होता. फूल लहान, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं, रंग विटकरी, पण पाकळी उलटून पाहिली की मागून पिवळी. असा रंग मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही कुठे दिसला नाही. एका संध्याकाळी मी उंबऱ्यावर बसून रडत होते, म्हणजे अगदी उघडपणे नाक पुसत रडत होते, तेव्हा ती आली. काय झालं म्हणून विचारलं नाही. खुरप्याने मुळासकट एक फुटवा काढला, रंगाच्या रिकाम्या डब्यात माती भरून त्यात लावला आणि म्हणाली, "घे माय, हे ठेव. रडाचं असन त याच्यापाशी बसून रड."

तेव्हापासून तो डबा माझ्याबरोबर होता. तीन बदल्या झाल्या, लग्न झालं, गोंदियात दोन भाड्याची घरं झाली. लग्नाच्या सामानाच्या टेम्पोत मी तो स्वतः मांडीवर धरून बसले होते, त्यावरून नवऱ्याचे मित्र कित्येक दिवस खिदळत होते. शेवंतीचं तसं सोपं असतं. थंडीत फुलते, फुलं सरली की जुनं खोड कापायचं, बुडाशी नवे फुटवे येतात, पावसाच्या तोंडाशी ते वेगळे करून लावायचे. झाड जुनं आणि नवं दोन्ही असतं. पावसात डबा छपराखाली सरकवायचा, एवढंच पथ्य. मी ते वीस-पंचवीस वर्षं पाळलं. घरात बाकी सगळ्यावर कोणाचा ना कोणाचा हक्क होता. माझ्या पगारावर, माझ्या रविवारवर, माझ्या झोपेवर. शेवंती तेवढी माझी होती, आणि मी तिच्यावर जीव टाकत होते. हे म्हणायला मला लाज वाटत नाही.

मग आम्ही गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीला घर बांधलं. मुर्रीला आता घरंच घरं झालीत, पण आमचा प्लॉट आणि आसपासचे सगळे प्लॉट म्हणजे पूर्वीच्या धानाच्या बांध्या, भाताची खाचरं. माती कन्हार. काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी. धानाला तशीच हवी असते. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की कानातलं पडलं तर हाती लागू नये, आणि पावसाळ्यात ती पायातली चप्पल काढून घेते. घरासमोर आम्ही मुरूम टाकून घेतला. बाजूला, कुंपणाच्या भिंतीलगत, जमीन होती तशीच राहिली.

गेल्या होळीनंतर एक दिवस शेवंतीच्या डब्याचं बूड गळून पडलं. गंजून गंजून त्याची चाळणी झाली होती. नवा डबा आणता आला असता, कुंडी आणता आली असती. पण मला वाटलं, आता आपलं घर आहे, आपली जमीन आहे, तर हिनेही किती दिवस डब्यात राहायचं? अर्धं आयुष्य घरमालकिणीला विचारून खिळे ठोकलेल्या बाईच्या मनात असले विचार येतात. मी भिंतीलगत खड्डा केला आणि शेवंती जमिनीत लावली. खणताना दगडासारखी ढेकळं निघत होती. मी त्यात वाळू घातली नाही, विटांचे तुकडे घातले नाहीत. सहावीच्या विज्ञानात मातीचे प्रकार मीच शिकवते. चिकणमातीतून पाणी झिरपत नाही, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. पण फळ्यावर लिहिलेलं घरी कोण आणतं?

मामाजी आमच्याकडे त्याच्या आधीच्या दिवाळीत आले होते. सासूबाई गेल्या, त्यानंतर ते गावी एकटे राहत होते, आणि एकदा चिखलात पाय घसरून खुब्याला मार बसला. मग नवऱ्याने शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर कसायला दिलं आणि त्यांना घेऊन आला. त्यांचं गाव नवेगाव बांधच्या बाजूला. सासरचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या त्या लोकांनी पाणी अडवलं, पाळ घातली, गावाला पाणी पुरवलं. मामाजींच्या हयातीत कोणी नवा तलाव बांधला नव्हता, पण त्यांनी गावची बोडी सांभाळली होती. बोडी म्हणजे लहान तलाव. कुठून पाझरते, कुठे मुरूम दाबायचा, जास्तीचं पाणी निघून जायला सलांग किती खोल ठेवायची, हे लोक त्यांना विचारायला यायचे. अशा माणसाला आम्ही मुर्रीच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत आणून बसवलं.

ते रोज सकाळी मला एकच प्रश्न विचारायचे, "आता मी काय करू, बाई?"

सुरुवातीला मी म्हणायचे, "काही करू नका मामाजी, आराम करा." दोन महिन्यांत मला त्या प्रश्नाची धडकी भरायला लागली. माझा नवरा पहाटेच्या गाडीने भंडाऱ्याला कामाला जातो आणि अंधार पडल्यावर येतो. मुलगी शिकायला बाहेरगावी. म्हणजे तो प्रश्न माझाच होता. पोळी तव्यावर, फोनवर शाळेच्या ग्रुपचे निरोप धडाधड येतायत, आणि दारात हे उभे, हात मागे बांधून. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकाच वेळी.

म्हणून मी त्यांना झाडाचं काम दिलं. शेवंतीला पाणी घालायचं. खरं तर तेव्हा मला झाडाची जितकी काळजी होती तितकीच त्या प्रश्नापासून सुटका हवी होती. त्या वर्षीचा उन्हाळा असा तापला की दुपारी पक्षीसुद्धा दिसेनात. मी सुट्टीतही प्रशिक्षणाला जात होते. मधल्या वेळेत घरी फोन लावायचे.

"मामाजी, पाणी टाकलं का?"

"टाकलो ना, बाई."

"अजून एकदा टाका. पानं मान टाकतात."

"टाकून देतो."

त्यांनी त्या उन्हाळ्यात ते झाड जगवलं, हे मी मान्य केलंच पाहिजे. दिवसातून तीनदा बादली घेऊन जायचे, पाय ओढत. आणि माझ्या त्या रोजच्या फोनमधून त्यांनी जे समजून घ्यायचं ते घेतलं. हे पाणी पिणारं झाड आहे. याला पाणी कमी पडू द्यायचं नाही. दुसरं काही मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

पाऊस लागून आठवडा झाला असेल. शाळेतून आले तर मामाजी भिंतीलगत उकिडवे बसलेले, धोतर वर खोचलेलं, कोपरापर्यंत चिखल. शेवंतीच्या चारी बाजूंनी त्यांनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातला होता. धानाच्या बांधीला घालतात तसा, फक्त लहान. वीतभर उंच, वरून सपाट, बाहेरच्या अंगाला उतार, चारी कोपऱ्यांवर गवताचे चपटे तुकडे मुळांसकट थापून बसवलेले, म्हणजे कोपरा वाहून जाऊ नये. टाचेने दाबून दाबून, फावड्याच्या पाठीने थापून त्यांनी तो गुळगुळीत केला होता. आत पाणी भरलं होतं आणि मधोमध शेवंती उभी होती.

"पाह्य, बाई," ते म्हणाले. "आता एक थेंब बाहीर जात नाही."

मी पाहिलं. आणि मला त्याच क्षणी कळलं की हे झाड आता जगणार नाही. खाली कन्हार, वरून धुरा, पाणी जाणार कुठे? मला सगळं माहीत होतं. पण मामाजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत तसा चेहरा मी पाहिला नव्हता. ते मला काय करू विचारत नव्हते. त्यांनी केलं होतं.

मी म्हटलं, "छान झालं, मामाजी."

त्या दिवशी त्यांनी भात मागून घेतला. एरवी अर्ध्या ताटावर हात धुवायचे. जेवताना बोडीच्या गोष्टी सांगितल्या, कोणत्या वर्षी पाळ फुटायला आली होती आणि ती कशी वाचवली. मी हं हं म्हणत होते आणि मनात ठरवत होते की उद्या हळूच धुरा फोडायचा.

दुसऱ्या दिवशी ते उठायच्या आधी मी खुरपं घेऊन गेले आणि धुऱ्याच्या बुडाशी, भिंतीकडच्या अंगाला, दिसणार नाही असं एक भोक पाडलं. पाणी सुळकन निघून गेलं. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. संध्याकाळी घरी आले तर भोक बुजलेलं, वर नवीन चिखल थापलेला, आणि पाणी पुन्हा काठोकाठ.

"खेकड्यानं फोडलं होतं," मामाजी म्हणाले. धानाच्या धुऱ्यांना खेकडे भोकं पाडतात, रात्रीतून बांधी रिकामी करतात. त्यांनी आयुष्यभर खेकड्यांशी वैर केलं होतं. "अथी वस्तीत खेकडा कुठून आला, तं समजून नाही रायलं."

मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, "असेल एखादा. नालीतून आला असेल."

मग ते दोन दिवस ओट्यावर खुर्ची ओढून, मांडीवर काठी घेऊन, त्या खेकड्याची वाट पाहत बसले. पाऊस तिरपा येऊन त्यांचे पाय भिजत होते. मी दोनदा त्यांना आत बोलावलं. तेव्हा मला हसू येत होतं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तोही हसला.

पुन्हा भोक पाडायला मी गेले नाही. शाळेत प्रवेशाचे दिवस होते, मुलांची माहिती ऑनलाइन भरायची होती, नेटवर्क नसायचं, त्यात माझे गुडघे. दरवर्षी मी पावसाच्या तोंडाशी फुटवे काढून दुसऱ्या डब्यात लावून ठेवायचे. त्या वर्षी तेही राहून गेलं. रोज गाडी आत घेताना एकदा तिकडे नजर जायची आणि मी ती वळवायची. खालची पानं पिवळी झाली, मग काळी पडून खोडाला चिकटली. शेजारीण भिंतीवरून डोकावली. ती हिंदी बोलणारी, बागेची हौशी. म्हणाली, "मॅडम, इसको पानी ज्यादा हो रहा है. जड़ गल जाएगी." मामाजी आतच होते. मी ओठांवर बोट ठेवलं आणि तिला गप्प केलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना. मामाजींनाही पिवळेपणा दिसला होता. त्यांनी पलीकडच्या गोठ्यातून शेण आणून त्या पाण्यात कालवलं. "भूक लागली असन त्याले," म्हणाले.

ऑगस्टमधल्या एका सकाळी सारं झाड एका अंगाला कललं होतं. मी शेंडा धरून जरासं ओढलं. काहीच जोर लागला नाही. खोड हातात आलं, मुळं खालीच राहिली. खाली हात घातला तर तपकिरी लगदा. कुठे एखादा फुटवा जिवंत असेल म्हणून मी कोपरापर्यंत हात घालून चाचपत राहिले. काही नव्हतं. त्या काळ्या पाण्यात माझी अंगठी तेवढी एका मुळीत अडकली आणि ती सोडवून घ्यावी लागली.

"काऊन उपटलीस, बाई?" मागून मामाजी. तोंडात दात घासायची काडी.

मी दीड-दोन महिने जे गिळलं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं. "मी नाही उपटलं. तुम्ही मारलंत. हे काय धानाचं रोप आहे, पाण्यात उभं ठेवायला? पंचवीस वर्षं जपलं होतं मी. तुमच्या धुऱ्यानं मेलं ते." आवाज इतका चढला की शेजारणीच्या घरातला टीव्ही बंद झाला. मामाजींनी काडी तोंडातून काढून हातात धरली. मी हात धुवायला आत गेले. त्यानंतर पोळ्या, गोळी, डबा, शाळा.

दिवसभर मी रागातच होते. राग उतरायला लागला की मी तो मुद्दाम पुन्हा चढवत होते, कारण त्याच्या खाली काय आहे ते मला ठाऊक होतं. चौथ्या तासाला एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही रडून राहिले का?" मी म्हटलं, सर्दी आहे.

संध्याकाळी आले तेव्हा भिंतीलगत धुरा नव्हता. सगळी माती सारखी केलेली, फावडं धुऊन भिंतीला टेकवलेलं. मामाजी ओट्यावर बसले होते. मी चहा करून आणला. त्यांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत.

"तुले माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या समोर पायरीवर बसले. खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "हो."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

ते समोरच्या रस्त्याकडे पाहत म्हणाले, "आन् तो खेकडा?"

मी मान खाली घातली. मला वाटलं होतं ते चिडतील. आयुष्यभर गावावर ओरडलेला माणूस आहे. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तूर आमी बांधीत नाही लावत," ते म्हणाले, अगदी हळू, एखाद्या नवख्याला समजावावं तसं. "धुऱ्यावर लावतो. कायले? का तुरीचे पाय भिजले त ते मरते. धानाले पानी, तुरीले धुरा. हे मले समजत नाही का? मले तं झाड माहीत नव्हतं, बाई. तू रोज फोन करे, पानी टाका, पानी टाका. मी समजलो, हे धानासारखं आहे. तू एक डाव म्हटली असती, मामाजी, हे तुरीसारखं आहे, त मी त्याले धुऱ्यावर चढवलो असतो. एका फावड्याचं काम होतं."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, मामाजी. तुम्ही इतक्या हौसेनं केलं होतं."

"वाईट?" त्यांनी कप खाली ठेवला. "गावात मानसं मले सांगत होते, बापू, पाळ अथी चुकली. मी मोडून पुन्हा करे. चुकलेलं सांगतेत ते मानसालेच सांगतेत. पोराले म्हनतेत, छान केला, छान केला. मी का पोरगा आहो? दोन दिवस मी तथी काठी घेऊन बसलो."

एवढं बोलून ते आत गेले. चहावर साय धरली होती. मी तिथेच बसून राहिले. झाड गेल्याचं दुःख मला झालं होतंच, अजूनही आहे. पण त्या पायरीवर मला जे वाटलं ते दुःख नव्हतं, शरम होती. मी त्यांना जपत होते असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला त्यांच्याशी एक सरळ वाक्य बोलायचासुद्धा कंटाळा आला होता. छान झालं म्हटलं की विषय संपतो, आणि मला सगळे विषय संपवायचे होते.

नवऱ्याला मी त्या दिवशीचं सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "नर्सरीतून दुसरी आणू." तो वाईट माणूस नाही, पण त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला नर्सरी असते.

तरी मी शोधलं. इतक्या वर्षांत ज्या ज्या बायकांना फुटवे दिले होते त्यांना फोन केले. एकीची बदलीत हरवली, एकीची वाळली, आमगावची एक मैत्रीण म्हणाली, "अगं ती होय? फूल फारच बारीक, मी काढून टाकली." दसऱ्याच्या सुट्टीत मी त्या पहिल्या गावालाही जाऊन आले. शिपायाची बायको आता नाही. मुलाने अंगण फरशी लावून चकचकीत केलंय, धुळीचा त्रास नको म्हणून. त्याने मला चहा पाजला आणि आई तुमची आठवण काढायची म्हणाला. परत येताना बसमध्ये मी डोळे मिटून बसले होते. ती शेवंती संपली. माझ्या माहितीत तरी आता कुठे नाही.

आणि घरात एक नवीनच सुरू झालं. मामाजी प्रत्येक गोष्ट विचारून करायला लागले. आता काय करू, असं नाही. पंखा लावू का? खुर्ची उन्हात नेऊ का? हा पेपर टाकून देऊ का? शब्दांत राग नसायचा. फक्त दर वेळी ते माझ्या तोंडाकडे नीट पाहायचे, की ही खरं बोलते की मन राखते. मी सगळ्याला हो म्हणायची. हो म्हणणं ही माझी सवय आहे. शाळेत म्हणते, घरी म्हणते, फोनवर म्हणते, आणि हो म्हणताना मी कशाकडेच पाहत नाही, हे मला कोणी दाखवून दिलं नव्हतं.

संक्रांत होऊन गेली होती. त्या दिवशी शाळेत तपासणी झाली होती, माझं डोकं ठणकत होतं, मी भाजी फोडणीला टाकली होती. बाहेर मी आल्यापासून ठोकाठोक चालली होती. मामाजी कारल्याच्या वेलासाठी बांबूचा मांडव घालत होते. आठवडाभर त्यांनी बांबू तासले होते. दारातून त्यांनी आवाज दिला, "झालं, बाई. बराबर आहे का?"

"हो हो, बरोबर आहे, मामाजी," मी कढईतून मान न काढता म्हटलं. "छान झालंय."

मी वळून पाहिलं. ते दारात उभे होते, हातात सुतळीचं बंडल.

"पाहून सांग," ते म्हणाले.

मी गॅस बंद केला आणि बाहेर गेले. मांडव चांगला भक्कम होता, पण फाटकाच्या वाटेत आला होता. दोन खांब हातभर पुढे आले होते, माझी गाडी निघाली नसती. माझ्या तोंडात तेच आलं होतं, राहू द्या, चालेल, मी गाडी बाहेर लावत जाईन. ते माझ्याकडे पाहत होते.

"मामाजी, हे चुकलं," मी म्हटलं. "पुढचे दोन खांब काढावे लागतील. गाडी निघत नाही."

त्यांनी खांबांकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, पावलांनी अंतर मोजलं.

"हो, चुकलं खरं," ते म्हणाले, आणि सुतळी सोडायला लागले. "धर तू त्या बाजूनं."

मी दुसरं टोक धरलं.